भाताला खत केव्हा द्यावे आणि तण केव्हा काढावे : कोकणातील खरीप भातासाठी सविस्तर मार्गदर्शन

कोकणात भाताला खत कमी पडते अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते, परंतु बहुतेक खाचरांत खताची मात्रा नव्हे, तर खत देण्याची वेळ चुकलेली असते. लावणीनंतर तीस दिवसांनी एक हप्ता आणि साठ दिवसांनी दुसरा हप्ता, हे पाठ झालेले गणित हळव्या (लवकर पिकणाऱ्या), निमगरव्या (मध्यम मुदतीच्या) आणि गरव्या (उशिरा पिकणाऱ्या) अशा तिन्ही प्रकारच्या भातांना सरसकट लावले जाते. बेणणीची, म्हणजे तण काढण्याची, तारीख मात्र मजूर मिळतील त्या दिवसावर ठरते. परिणामी कित्येकदा युरिया आधी पडतो आणि तण नंतर निघते, म्हणजे विकत आणलेले खत पाखडाच्या आणि लव्हाळ्याच्या वाढीस लागते. खत, तण आणि खाचरातील पाणी ही तीन वेगळी कामे नसून एकच वेळापत्रक आहे, असे धरून या लेखाची मांडणी केली आहे. हिशेबासाठी वीस गुंठ्यांचे, म्हणजे अर्ध्या एकराचे, जांभ्या जमिनीतील लावणीचे खाचर गृहीत धरले आहे. एक हेक्टर म्हणजे जवळपास शंभर गुंठे असल्याने हेक्टरी शिफारशीला शंभराने भागले की प्रति गुंठा आकडा मिळतो.

प्रथम वाणाचा कालावधी पाहावा

खताचे वेळापत्रक लावणीपासून पुढे न मोजता कापणीपासून मागे मोजावे. भाताच्या कोणत्याही जातीत फुलोऱ्यापासून दाणा पक्व होईपर्यंत सुमारे तीस दिवस लागतात. त्याआधीचे सुमारे तीस दिवस लोंबीचा अंकुर धरण्यापासून फुलोऱ्यापर्यंतचे असतात. हे साठ दिवस सर्व जातींत जवळपास सारखे असतात. हळव्या आणि गरव्या भातातील फरक पडतो तो त्याआधीच्या काळात, म्हणजे रोप आणि फुटव्यांच्या अवस्थेत.

याचा अर्थ असा की ११५ दिवसांच्या हळव्या भातात लोंबीचा अंकुर पेरणीनंतर साधारण ५५ व्या दिवशी धरतो. रोप २५ दिवसांचे लावले असेल, तर हा दिवस लावणीनंतरचा तिसावा दिवस ठरतो. म्हणजे ज्याला आपण फुटव्यांचा हप्ता समजतो, तो कर्जत ३ सारख्या हळव्या जातीत तिसाव्या दिवशी दिला, तर फुटवे फुटण्याची वेळ निघून गेलेली असते. आणि साठाव्या दिवशी दिलेला हप्ता तर थेट फुलोऱ्यात पडतो, जिथे त्याने दाण्यांची संख्या वाढत नाही, उलट मानमोडी करपा आणि तुडतुडे यांना आमंत्रण मिळते. १३० दिवसांच्या जयासारख्या निमगरव्या भातात लोंबीचा अंकुर लावणीनंतर सुमारे ४५ दिवसांनी आणि १४० दिवसांच्या गरव्या भातात सुमारे ५५ दिवसांनी धरतो. तीस आणि साठ दिवसांचे पाठांतर गरव्या भातालाच काय ते कसेबसे लागू पडते.

म्हणून बियाण्याच्या पिशवीवरील पक्वतेचे दिवस वाचून, पेरणीची तारीख धरून, घरातील दिनदर्शिकेवर दोन खुणा आधीच करून ठेवाव्यात : एक लोंबी धरण्याच्या दिवसाची आणि दुसरी फुटव्यांच्या हप्त्याची. फुटव्यांचा हप्ता हळव्या भातात लावणीनंतर १५ ते २० दिवसांनी, निमगरव्यात २० ते २५ दिवसांनी आणि गरव्यात २५ ते ३० दिवसांनी द्यावा.

राबापासूनच तणांचा बंदोबस्त

खाचरातील तणांचा मोठा वाटा आपण स्वतःच्या हाताने लावलेला असतो. पाखडाचे रोप कोवळेपणी भाताच्या रोपासारखेच दिसते, त्याच जुडीत बांधले जाते आणि त्याच चुडात, म्हणजे एका जागी लावलेल्या रोपांच्या जुडग्यात, लावले जाते. दोन्ही ओळखण्याची खूण एकच आणि खात्रीची आहे. पान हलकेच मागे ओढून, जिथे ते खोडापासून सुटते तो सांधा पाहावा. भाताच्या सांध्यावर पातळ, पांढरट, टोकदार पापुद्रा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बारीक केसाळ शिंगासारख्या कडा असतात; पाखडाचा आणि सावा गवताचा सांधा मात्र अगदी गुळगुळीत, मोकळा असतो. लव्हाळ्याचे खोड बोटांत फिरवून पाहिले की तीन धारा लागतात, भाताचे गोल असते. रोपे उपटणाऱ्या माणसांना ही खूण पहिल्या दिवशी अर्धा तास देऊन दाखवावी. त्या अर्ध्या तासाने पुढची किती बेणणी वाचते, हे ऑगस्टमध्ये कळते.

पेरणीपूर्वी बियाणे दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून केलेल्या द्रावणात सोडावे. पोचट दाणे आणि हलके तणबीज वर तरंगते, ते काढून टाकावे, आणि तळाचे बियाणे दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे. राब, म्हणजे रोपवाटिकेची जागा, भाजण्याच्या जुन्या पद्धतीत तणबीज जळून जाते हे खरे, पण त्यासाठी पालापाचोळा, शेण आणि झाडांच्या फांद्या यांचा जो धूर होतो, तोच माल खाचरात कुजवला तर अधिक उपयोगी पडतो. त्याऐवजी गादीवाफ्यावर रोप करावे. चारसूत्री या भातलागवडीच्या पद्धतीत (तिची माहिती पुढे ब्रिकेटच्या भागात आहे) गादीवाफ्यात दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळी राख मिसळण्यास सांगितले आहे. या राखेतील सिलिकामुळे रोप कणखर होते आणि उपटताना मुळे तुटत नाहीत.

रोपवाटिकेस एक गुंठ्याला सुमारे अडीचशे किलो चांगले कुजलेले शेणखत द्यावे. रासायनिक खतांपैकी पेरताना एक किलो युरिया, तीन किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि पाऊण ते एक किलो म्युरेट ऑफ पोटॅश पुरते, आणि पंधरा दिवसांनी आणखी एक किलो युरिया द्यावा. हा दुसरा हप्ता देण्याच्या आदल्या दिवशी रोपवाटिका हाताने निंदून घ्यावी. रोप २१ ते २५ दिवसांचे, चार-पाच पानांचे झाले की लावणीस तयार होते. पाऊस लांबल्याने रोप पस्तीस-चाळीस दिवसांचे झाले, तर त्याची फुटव्यांची बरीच ताकद वाफ्यातच संपलेली असते. अशा वेळी चुडात रोपांची संख्या वाढवावी आणि फुटव्यांचा हप्ता पाच-सहा दिवस अलीकडे घ्यावा.

चिखलणी, हिरवळीचे खत आणि पहिला हप्ता

चांगली चिखलणी हे तणनियंत्रणाचे सर्वांत स्वस्त साधन आहे. पहिली नांगरणी आणि शेवटची चिखलणी यांत शक्य असेल तर आठ-दहा दिवसांचे अंतर ठेवावे. मधल्या काळात उगवलेले तण शेवटच्या चिखलणीत गाडले जाते. खाचर समपातळीत असणेही तितकेच महत्त्वाचे आहे, कारण उंचवट्यावर पाणी राहत नाही आणि तणाचा पहिला कोंब नेमका तिथेच निघतो.

बांधावर गिरिपुष्प असेल, तर लावणीच्या सात-आठ दिवस आधी गुंठ्याला सुमारे तीस किलो हिरवा पाला फांद्यांसह चिखलावर पसरावा. आठवड्यात पाने गळून पडतात. उरलेल्या काड्या उचलून सरपणाला न्याव्यात आणि पाला चिखलात मिसळावा. एवढा पाला मिळत नसेल, तर हेक्टरी दहा टन या हिशेबाने वीस गुंठ्यांना दोन टन शेणखत नांगरणीच्या वेळी घालावे. मात्र ते पूर्ण कुजलेले असावे. अर्धवट कुजलेल्या खतातून गोठ्यातील गवताचे बी थेट खाचरात पोहोचते.

सुधारित जातींसाठी कोकणात हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश अशी शिफारस आहे. नत्राचे तीन भाग करावेत : ४० टक्के लावणीच्या वेळी, ४० टक्के फुटव्यांच्या वेळी आणि २० टक्के लोंबी धरताना. वीस गुंठ्यांना याचा हिशेब असा बसतो. स्फुरदासाठी डीएपी २२ किलो घेतले, तर त्यातूनच जवळपास ४ किलो नत्र मिळते, म्हणून लावणीच्या वेळी त्यासोबत केवळ ९ किलो युरिया लागतो. फुटव्यांच्या वेळी साडेसतरा किलो आणि लोंबी धरताना पावणेनऊ किलो युरिया द्यावा. म्हणजे संपूर्ण हंगामात वीस गुंठ्यांना युरियाची ४५ किलोची एक गोणी पुरून दहा किलो उरते. ज्यांच्या खाचरात यापेक्षा अधिक गोण्या रिकाम्या होतात, त्यांनी तो जादा युरिया कुठे जातो याचा विचार करावा. पालाशासाठी म्युरेट ऑफ पोटॅश १७ किलो लागते. जांभ्या, हलक्या जमिनीत पालाश पावसाबरोबर झिरपून जातो, त्यामुळे निम्मे लावणीला आणि निम्मे शेवटच्या हप्त्यासोबत दिलेले चांगले.

डीएपीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट वापरायचे असल्यास वीस गुंठ्यांना सुमारे ६२ किलो लागते आणि मग लावणीच्या वेळचा युरिया साडेसतरा किलो होतो. वाहतूक जास्त पडते खरी, पण त्यासोबत गंधकही मिळते. आम्लधर्मी जांभ्या जमिनीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात, म्हणून स्फुरदयुक्त खत आठवडाभर आधी न टाकता शेवटच्या चिखलणीच्या वेळीच द्यावे आणि ते मुळांच्या थरात मिसळेल असे पाहावे. उभ्या पिकात वरून फेकलेल्या डीएपीचा स्फुरद पृष्ठभागावरच अडकून पडतो. मे महिन्यात माती परीक्षण करून घेतले असेल आणि मृदा आरोग्य पत्रिकेत स्फुरद किंवा पालाश भरपूर दाखवला असेल, तर वरील आकडे त्याप्रमाणे कमी करावेत. जस्ताची कमतरता दाखवली असल्यास हेक्टरी २० ते २५ किलो झिंक सल्फेट द्यावे, परंतु ते स्फुरदाच्या खतात मिसळून देऊ नये.

युरिया पाण्यात फेकल्यावर काय होते

हे समजून घेतल्याशिवाय पुढचे वेळापत्रक पटणार नाही. पाण्याने भरलेल्या खाचरात मातीचा वरचा अगदी पातळ थर हवेशीर असतो आणि त्याखालचा सगळा चिखल हवाविरहित असतो. युरियाचे काही दिवसांत अमोनियम होते. ते खालच्या चिखलात पोहोचले तर मातीला धरून राहते आणि मुळांना मिळत राहते. ते पाण्यातच राहिले, तर त्यातील काही भाग अमोनिया वायू होऊन उडून जातो. उरलेल्यापैकी काही भागाचे वरच्या थरात नायट्रेट होते, ते खाली झिरपले की हवाविरहित थरातील जिवाणू त्याचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात आणि तेही हातचे जाते. शिवाय युरिया विरघळल्यावर पहिले एक-दोन दिवस तो मातीला चिकटतच नाही. त्या काळात खाचर भरून वाहिले, तर तो पाण्याबरोबर सरळ खालच्या खाचरात उतरतो. उताराच्या वाडीत वरच्याने खत घालावे आणि खालच्याने पीक घ्यावे, असा प्रकार दरवर्षी घडतो आणि त्यावर बांधावरचे भांडणही होत नाही, कारण चोरी दिसतच नाही. पाणथळ भातात दिलेल्या नत्रापैकी साधारण तीस ते चाळीस टक्केच पिकाला मिळते, याची कारणे ही अशी आहेत.

म्हणून वरखताचा, म्हणजे उभ्या पिकात दिल्या जाणाऱ्या खताचा, प्रत्येक हप्ता देताना क्रम असा ठेवावा. आदल्या दिवशी खाचरातील पाणी काढून केवळ चिखल ओला राहील असे करावे. पाणी बाहेर जाण्याची सर्व तोंडे मातीने बंद करावीत आणि वरच्या खाचराचे पाणी बाजूने वळवावे. पानांवरील दव आणि पावसाचे थेंब सुकल्यावर, म्हणजे सकाळी उशिरा, युरिया चिखलावर फेकावा. ओल्या पानाला चिकटलेला दाणा पान करपवतो. त्यानंतर ओळीत लावणी असेल तर कोळपे फिरवावे, नसेल तर बेणणाऱ्यांच्या पायांनी चिखल हलेल असे पाहावे. एक दिवसाने पुन्हा पाच सेंटिमीटरपर्यंत पाणी घ्यावे. युरिया पाच ते दहापट ओलसर मातीत मिसळून एक-दोन दिवस सावलीत ठेवून दिला, तर फेकण्यापूर्वीच त्याचे अमोनियम होऊ लागते आणि वाहून जाण्याचा धोका कमी होतो.

पुनर्वसूच्या तरण्या आणि पुष्याच्या म्हाताऱ्या पावसात चोवीस तासांची उघडीप मिळणे कठीण असते, हे मान्य. पण हप्ता चार दिवस पुढे-मागे झाला तर पिकाचे फारसे बिघडत नाही. मुसळधार पावसाच्या आदल्या संध्याकाळी दिला तर मात्र खताचे पैसे वाहून जातात. कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी प्रसिद्ध होतो. त्यातील जिल्ह्याचा पुढील पाच दिवसांचा अंदाज पाहून दिवस ठरवावा.

पहिले पंधरा दिवस : उगवणपूर्व तणनाशक

लावणीनंतरचे १५ ते ४५ दिवस हा तण आणि भात यांच्यातील स्पर्धेचा निर्णायक काळ आहे. या काळात खाचर स्वच्छ राहिले, तर नंतर उगवणाऱ्या तणावर भाताची सावली पडते आणि त्याचे फारसे चालत नाही. घरात माणसे असतील आणि ओळीत लावणी असेल, तर लावणीनंतर पंधराव्या आणि तिसाव्या दिवशी कोळपे फिरवून, चुडाजवळचे तण हाताने काढणे पुरेसे आहे, आणि माझ्या मते दहा-पंधरा गुंठ्यांच्या शेतकऱ्याने तणनाशकाच्या वाटेला जाण्याचे कारण नाही. पण वाडीत बेणणीला माणूसच मिळत नाही, ही बहुतेक गावांची स्थिती आहे.

अशा वेळी लावणीनंतर तीन ते पाच दिवसांत उगवणपूर्व तणनाशक वापरावे. प्रेटिलाक्लोर ५० ईसी हेक्टरी एक ते दीड लिटर, म्हणजे वीस गुंठ्यांना २०० ते ३०० मिलि. किंवा ऑक्झाडायर्जिल ८० डब्ल्यूपी हेक्टरी १२५ ग्रॅम, म्हणजे वीस गुंठ्यांना २५ ग्रॅम. किंवा बेन्सल्फ्युरॉन मिथाइल आणि प्रेटिलाक्लोर यांचे मिश्र दाणेदार तणनाशक हेक्टरी १० किलो, म्हणजे वीस गुंठ्यांना २ किलो, यांपैकी एकच निवडावे. पंप नसणाऱ्याला दाणेदार औषध सोयीचे पडते. प्रेटिलाक्लोर कोरड्या वाळूत मिसळूनही फेकता येते. वीस गुंठ्यांना दहा-बारा किलो वाळू पुरते. मिसळताना आणि फेकताना हातमोजे घालावेत.

या औषधांचे काम पाण्यावर अवलंबून असते. खाचरात तीन ते पाच सेंटिमीटर पाणी स्थिर असावे आणि पुढील दोन-तीन दिवस ते बाहेर जाऊ नये, कारण औषधाचा पातळ थर चिखलावर बसावा लागतो आणि त्यातून वर येणारा तणाचा कोंब मरतो. या दिवसांत खाचरात पाय घातला की तो थर फाटतो आणि पावलांच्या ओळीत तण उगवते. औषध टाकल्यावर आठवडाभर त्या खाचरातील पाणी ओहोळात सोडू नये आणि तेथील खेकडे, मासे पकडू नयेत. ही औषधे जलचरांना घातक आहेत. आणि तण हिरवेगार दिसू लागल्यावर उगवणपूर्व औषध टाकण्यात काहीही अर्थ नाही, हे दुकानदार सांगत नाही, म्हणून येथे सांगितले पाहिजे.

पंधरा ते पंचवीस दिवस : आधी तण, मग युरिया

पहिले औषध चुकले किंवा पावसाने वाहून गेले, तर लावणीनंतर १५ ते २० दिवसांनी, तण दोन ते चार पानांवर असताना, बिसपायरिबॅक सोडियम १० एससी वापरावे. मात्रा हेक्टरी २०० ते २५० मिलि, म्हणजे वीस गुंठ्यांना ४० ते ५० मिलि. पाखड, सावा, काही लव्हाळे आणि रुंद पानांची तणे यांवर ते चालते. खाचरात मुख्यतः केना, माका यांसारखी रुंद पानांची तणे आणि लव्हाळे असतील, गवतवर्गीय तण नसेल, तर मेटसल्फ्युरॉन मिथाइल आणि क्लोरिम्युरॉन इथाइल यांचे मिश्रण हेक्टरी २० ग्रॅम, म्हणजे वीस गुंठ्यांना अवघे ४ ग्रॅम पुरते. केवळ पाखड-सावा असेल, तर सायहॅलोफॉप ब्युटाइल १० ईसी हेक्टरी ७५० ते ८०० मिलि उपयोगी पडते. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी खाचरात वाकून तण कोणत्या वर्गाचे आहे ते पाहावे. दरवर्षी एकच औषध वापरल्याने त्याला न जुमानणारे तण तेवढे उरते आणि वाढते, त्यामुळे औषध आलटून-पालटून वापरावे. डब्यावरील लेबलावर भातासाठी जी मात्रा आणि वेळ छापलेली असते तीच अंतिम मानावी.

येथे पाण्याचा नियम उलटा होतो. फवारणीपूर्वी पाणी काढून टाकावे, जेणेकरून तणाची पाने उघडी पडतील. पाण्याखाली असलेल्या पानावर औषध पोहोचत नाही. फवारणीनंतर सहा-आठ तास पाऊस नसावा. दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाणी घेऊन ते आठवडाभर तरी राखावे.

मात्रा चुकण्याचे सर्वांत मोठे कारण पंपाला किती औषध टाकायचे हा प्रश्न आहे. औषध क्षेत्रावर ठरते, पंपावर नाही. आधी पंपात साधे पाणी भरून, नेहमीच्या चालीने, एक पंप किती गुंठ्यांना पुरतो ते मोजावे. पंधरा लिटरचा पंप तीन गुंठ्यांना पुरला, तर वीस गुंठ्यांना सात पंप लागतील आणि प्रत्येक पंपात बिसपायरिबॅक सहा ते सात मिलि पडेल. हाच माणूस भरभर चालून चार पंपांत शेत उरकणारा असेल, तर पंपामागे दहा ते बारा मिलि लागेल. तणनाशकासाठी सपाट फवाऱ्याचा नोझल वापरावा, कीटकनाशकाचा गोल नोझल नव्हे. वारा नसताना, बाजूच्या भाजीच्या वाफ्यावर तुषार जाणार नाहीत अशा बेताने फवारावे. त्या पंपाने पुढे भाजीवर औषध मारायचे असल्यास तो साबणाच्या पाण्याने अनेकदा धुवावा. खरे तर तणनाशकाचा पंप वेगळाच असावा.

तण पिवळे पडून मरू लागण्यास आठ-दहा दिवस जातात. निमगरव्या भातात अठराव्या दिवशी फवारणी झाली, तर एकविसाव्या दिवशी पाणी घ्यावे, सत्ताविसाव्या दिवसाच्या आसपास उरलेसुरले तण हाताने काढावे, पाणी उतरवावे आणि मगच, हप्ता दोन-तीन दिवस लांबला तरी, फुटव्यांचा युरिया द्यावा. हळव्या भाताला इतकी सवड नसते. म्हणून हळव्या भातात उगवणपूर्व औषध किंवा पंधराव्या दिवसाचे कोळपे यांवरच भर द्यावा, म्हणजे अठराव्या-विसाव्या दिवशी स्वच्छ चिखलावर युरिया टाकता येतो. तण उभे असताना नाइलाजाने हप्ता द्यावाच लागला, तर निम्माच द्यावा आणि उरलेला बेणणीनंतर द्यावा.

ब्रिकेट : एकदाच, खोलवर

डॉ. नारायण सावंत यांनी विकसित केलेल्या चारसूत्री पद्धतीत वरखताचा हा सगळा खटाटोप एका दिवसात उरकतो. युरिया आणि डीएपी ६० आणि ४० या प्रमाणात दाबून केलेल्या २.७ ग्रॅमच्या गोळ्या, म्हणजे ब्रिकेट, लावणीच्याच दिवशी चिखलात सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचतात. लावणी १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर, खुणा केलेल्या दोरीने करतात. त्यामुळे १५ सेंटिमीटरच्या चौकोनात चार चूड येतात, त्यांच्या मधोमध एक गोळी बसते आणि २५ सेंटिमीटरचा पट्टा चालण्यासाठी आणि कोळप्यासाठी मोकळा राहतो. गुंठ्याला ६२५ गोळ्या, म्हणजे सुमारे पावणेदोन किलो लागतात. त्यातून हेक्टरी साठ किलोच्या आतबाहेर नत्र मिळते. ते हवाविरहित थरातच ठेवल्याने उडत नाही आणि वाहतही नाही, म्हणून शंभर किलोचे काम त्यात भागते. पृष्ठभागावरील तणांच्या कोवळ्या मुळांनाही हे खत सहज सापडत नाही, हा दुसरा लाभ. पालाश मात्र वेगळा द्यावा लागतो.

गोळी खोचण्यास चिखल लोण्यासारखा मऊ असावा आणि गोळी आत गेल्यावर वरचे भोक मिटले पाहिजे. उघडे राहिलेले भोक म्हणजे फेकलेला युरियाच. ज्या रेताड खाचरात पाणी टिकत नाही, तिथे ही पद्धत वापरू नये. गोळ्या ओलसर हवेत विरघळू लागतात, म्हणून पिशवी लावणीच्या दिवशीच फोडावी.

लोंबी धरताना शेवटचा हप्ता

दिनदर्शिकेवरील खुणेच्या चार दिवस आधीपासून पीक तपासावे. शेतातील निरनिराळ्या ठिकाणचे चार-पाच मुख्य फुटवे मुळापासून काढून, त्यांचे खोड ब्लेडने तळापासून उभे चिरावे. तळाशी, सर्वांत वरच्या पेऱ्याच्या टोकावर, एक-दोन मिलिमीटर लांबीचा पांढरा, पिसासारखा मऊ अंकुर दिसला, तर लोंबी धरली असे समजावे आणि त्याच आठवड्यात पावणेनऊ किलो युरिया व उरलेला पालाश द्यावा. बाहेरून पोटरी, म्हणजे आत लोंबी असलेला खोडाचा भाग, फुगलेली दिसू लागली, तर उशीर झालेला असतो. तेव्हा फार तर पालाश द्यावा.

देण्याआधी पानांचा रंगही पाहावा. पानरंग तक्ता मिळत असेल, तर सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, अंगाची सावली पानावर पाडून, वरून पूर्ण उघडलेली दहा पाने तपासावीत. त्यांपैकी सहा किंवा अधिक पाने चौथ्या पट्टीपेक्षा फिकी असतील, तर नत्राची गरज आहे. पाने गडद हिरवी असतील, ढगाळ हवा असेल आणि करप्याचे डोळ्याच्या आकाराचे ठिपके दिसत असतील, तर हा हप्ता निम्मा करावा किंवा सोडून द्यावा. श्रावणातल्या सततच्या झडीत जादा युरिया घातलेले शेत आधी काळेभोर दिसते आणि दसऱ्याच्या सुमारास लोळते.

खाजण, खार जमीन आणि पेरभात

खार जमिनीत रहू टाकून, म्हणजे मोड आलेले बी फेकून, भात घेतात. तिथे लावणीच्या वेळची चिखलणी आणि रोपाची उंची हे दोन्ही फायदे मिळत नाहीत, त्यामुळे तण आणि भात एकाच वेळी उगवतात. अशा शेतात सुरक्षक (भाताच्या कोंबाला इजा होऊ न देणारे द्रव्य) मिसळलेले प्रेटिलाक्लोरच वापरावे. साध्या प्रेटिलाक्लोरने उगवते भातही मरते. पहिला युरिया पेरताना न देता रोप तीन-चार पानांवर आल्यावर द्यावा. क्षार वाढू नयेत म्हणून खार जमिनीत म्युरेट ऑफ पोटॅशऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश वापरणे इष्ट. सिंधुदुर्गात आणि गोव्यात पाटाच्या पाण्यावर होणाऱ्या वायंगणात, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भातात, पाणी हाती असल्याने वरील सर्व क्रम खरिपापेक्षा अधिक काटेकोर पाळता येतो, फक्त थंडीमुळे रोप आणि फुटव्यांची अवस्था लांबते, तेवढे दिवस पुढे धरावेत.

निसवल्यानंतर

भात निसवल्यावर, म्हणजे लोंब्या बाहेर पडल्यावर, पाखड आणि रानभात डोके वर काढतात. रानभाताच्या लोंबीला बहुधा लांब कुसळ असते आणि तिचे दाणे पीक कापणीला येण्याआधीच गळतात. या वेळी कोणतेही औषध उपयोगाचे नाही. सकाळच्या वेळी ओळींतून फिरून ही झाडे दाणा भरण्यापूर्वी मुळासकट उपटावीत. बी न धरलेले तण गुरांना घालता येते. बी धरलेले तण बांधावर टाकू नये, शेणखड्ड्यातही टाकू नये, सुकवून जाळावे. बांधावरचे गवतही फुलण्याआधी कापून घ्यावे. कापणीपूर्वी आठ-दहा दिवस खाचरातील पाणी काढावे, आणि पुढील वर्षाचे बियाणे ज्या खाचरातून ठेवायचे, त्या खाचराची पाहणी कापणीच्या आदल्या आठवड्यात आणखी एकदा करावी.